चढणीचा हिशेब

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे हे गाव पश्चिम समुद्रापासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. पण गुंजवण्यात पडलेले पाणी त्या समुद्राकडे फिरकतही नाही. ते गुंजवणीत उतरते, गुंजवणी नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला, भीमा रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. हा प्रवास बाराशे किलोमीटरहून अधिक. सत्तर किलोमीटरवरचा समुद्र सोडून पाणी त्याच्या सतरा पट लांबचा समुद्र गाठते. असे का, ते केळदच्या पलीकडे मढे घाटाच्या तोंडाशी उभे राहिले की कळते. घाटमाथ्याची धार ओलांडून पश्चिमेला गेलेले पाणी कड्यावरून कोसळते आणि सावित्रीच्या वाटेने बाणकोटला पोचते. धारेच्या पूर्वेला राहिलेले पाणी महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र अशी चार राज्ये पालथी घालते.

पाण्याला हे जमते, कारण त्याला उतार असतो. मासा मात्र याच वाटेवर उलटा निघतो, आणि इथून पुढचे सगळे आकडे त्याच्या कष्टाचे आहेत.

आधी नदी म्हणजे किती पाणी ते बघू. पृथ्वीवरचे सगळे पाणी, समुद्र, बर्फ, भूजल धरून, दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये भरले असे समजा. जगातल्या सगळ्या नद्या मिळून त्यातले पंधरा मिलिलिटर होतात. तीन चमचे. तळी आणि सरोवरे धरली तरी लिटरभराच्या आतबाहेर. एवढ्याशा गोड्या पाण्यात जगातल्या माशांच्या जवळजवळ निम्म्या जाती राहतात. आणि त्यातही सह्याद्री म्हणजे गर्दीची जागा. २०११ साली पश्चिम घाटाच्या गोड्या पाण्यातल्या जीवांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात माशांच्या २९० जाती मोजल्या होत्या आणि त्यांपैकी १८९ जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. वेल्ह्याचे ओढे उन्हाळ्यात बघितले, दगडगोट्यांत कुठेकुठे साचलेली डबकी बघितली, तर या आकड्यावर विश्वास बसणे कठीण जाते. हे ओढे जिवंत होतात ते मिरगाचा पाऊस लागला की.

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते दहा लाख लिटर. घाटमाथ्यावर दिवसाला शंभर मिलिमीटर हा काही बातमी होण्याइतका पाऊस नाही. वीस चौरस किलोमीटरचे एखादे खोरे धरले तर शंभर मिलिमीटरचे झाले दोनशे कोटी लिटर. निम्मे जमिनीत मुरले आणि खाचरांत अडले तरी उरलेले दर सेकंदाला अकरा-बारा हजार लिटर या वेगाने ओढ्यांतून खाली धावत असते. आदल्या आठवड्यात जिथे म्हशी बसायच्या तिथे पाय ठरत नाही.

आणि नेमक्या याच वेळी मासा वर निघतो. पाण्याला पहिला गढूळ रंग आला, खाचरांच्या मोऱ्यांतून मातकट पाणी नदीत पडू लागले, की खालच्या डोहांतला मासा प्रवाहाकडे तोंड करतो. घाटावर त्याला चढणीचे मासे म्हणतात, खाली रायगडात वलगणीचे. पोटात अंडी घेऊन तो उथळ पाण्याकडे, ओढ्यांकडे, भाताच्या खाचरांकडे निघालेला असतो, कारण तिथे पिल्लांना खायला असते आणि मोठ्या माशांचे भय कमी असते.

यातला मळ्या जवळून बघावा. बोटाएवढा, काळपट, तोंड खालच्या बाजूला. हनुवटीखाली त्याला एक गोल चकती असते आणि तिने तो ओल्या खडकाला चिकटतो. धार अंगावर येत असताना चिकटून राहतो, धार जरा सैल पडली की शेपटीचा एक झटका देऊन बोटभर वर सरकतो, पुन्हा चिकटतो. दोन हात उंचीच्या खडकावर असे एकामागून एक वीस-पंचवीस मळ्ये लागलेले असतात. मधला एखादा सुटतो, खाली पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तळापासून सुरुवात करतो. शेजारच्या गोट्यांमधून मुऱ्या सरपटत असतो. या दोघांची मराठी नावे शास्त्रात गेली ती कर्नल विल्यम सायक्समुळे. १८२४ पासून हा इंग्रज अधिकारी दख्खनची मोजदाद करत हिंडत होता. १८३९ ते १८४१ या काळात छापलेल्या त्याच्या दख्खनच्या माशांवरच्या लेखनात चाळीसहून अधिक जाती आहेत.

चढणीचा मासा धरायला फार हत्यारे लागत नाहीत. त्याची वाट ठरलेली असते, म्हणून अरुंद जागा हेरायची. ओढ्यात दगडांचा बांध घालून मधे एकच तोंड ठेवायचे आणि त्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवायचा. उघड्या डोहावर पाग फेकायचा. रात्री बत्ती घेऊन खाचराच्या मोरीशी बसायचे. सह्याद्रीतल्या कातकऱ्यांकडे आणि महादेव कोळ्यांकडे ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळाची फळे किंवा कुंभ्याची साल ठेचून टाकायची आणि गुंगलेला मासा वेचायचा, हीही त्यातलीच एक रीत. खाऊन उरलेला मासा मीठ लावून, कामटीत ओवून चुलीच्या धगीवर टांगतात. धूर आणि ऊब मिळून तो पावसाळ्यातही वाळतो. ताज्या माशात वजनाचा पाऊण भाग पाणीच असते, तेव्हा चार किलोचा एक किलो होतो, आणि भाताची लावणी संपेपर्यंत कालवणाला आधार होतो.

आता त्या एका किलोचा हिशेब मांडून बघा. ताजा मळ्या दहा ग्रॅमचा धरला तर वाळून अडीच ग्रॅमचा होतो, म्हणजे सुक्या एका किलोत चारशे मासे. निम्म्या माद्या, दोनशे. प्रत्येकीच्या पोटात हजार अंडी धरली तर चुलीवरच्या त्या किलोभरात दोन लाख अंडी गेली. ऐकून पोटात गोळा येतो, आणि चढणीचे मासे धरू नका म्हणून सांगणारे लोक इथेच थांबतात. मी तिथे थांबणार नाही, कारण हिशेब अर्धाच झालेला असतो. एखाद्या ओढ्यात वर्षानुवर्षे मासा तेवढाच राहत असेल, तर त्याचा अर्थ एका जोडीमागे सरासरी दोनच पिल्ले मोठी होऊन पुन्हा अंडी घालतात. हजारातली ९९८ बेडूक, पाणसाप, बगळे, वाहून जाणे आणि आटणे यांच्या वाट्याची असतात. म्हणजे दोन लाख अंडी म्हणजे दोन लाख मासे नव्हेत. पुढच्या पिढीतले चारशेच मासे. किलोला किलो. शिवाय मोरीवरून निसटून पुढे गेलेल्यांच्या पिल्लांना जागा आणि खाणे थोडे जास्त मिळते, आणि गेलेले बरेचसे भरून निघते. गावाने आपल्या चुलीपुरता मासा धरला म्हणून नदी रिकामी झाली नाही, ती यामुळे.

हे गणित मोडते ते सगळाच मासा अडवला तर. मच्छरदाणीचे कापड ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत लावले, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली, विजेची तार सोडली, डोहात जिलेटीनची कांडी फोडली, तर मागे राहिलेल्यांचा प्रश्नच उरत नाही. शून्याला कितीने गुणले तरी शून्यच. कामट्यांच्या सापळ्यातून पिल्लू सुटते. ब्लीचिंग पावडरमधून काहीच सुटत नाही.

याच गणितावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या उत्तर अमेरिकी किनाऱ्यावर, अख्ख्या संस्कृती उभ्या राहिल्या. तिथला चढणीचा मासा म्हणजे सॅमन. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि काही वर्षांनी आपल्याच नदीत परत येऊन अंडी घालतो व मरतो. अलास्कातल्या ब्रिस्टल उपसागरात २०२२ च्या उन्हाळ्यात सॉकाय जातीचे सुमारे ७ कोटी ९० लाख सॅमन परतले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती; म्हणजे आपल्या दर दहा माणसांमागे सात मासे, आणि तेही काही आठवड्यांत. एक मासा सव्वादोन किलोचा धरला तरी वजन सतरा-अठरा कोटी किलो. त्यांपैकी सहा कोटींच्या आसपास पकडले गेले आणि तरीही नद्यांमध्ये अंडी घालायला पुरेसे पोचले. सॉकायच्या मादीत अंडी अडीच ते चार हजार. तिथेही हिशेब तोच: सरासरी दोन.

तिथले मूळ रहिवासी मासा पाठीकडून फाडून पसरतात, मांसाला चिरा देतात, आणि वाऱ्यावर किंवा आल्डर लाकडाच्या धुरावर वाळवतात. कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या घळईत जुलैचा कोरडा वारा हे काम चुलीशिवाय करतो. पण मला त्यांच्या वाळवणीपेक्षाही कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीवरच्या युरोक लोकांची गोष्ट मोठी वाटते. ते केपेल या ठिकाणी दरवर्षी नदीवर लाकडांचा बांध घालत. दहा दिवस बांधकाम, नदीच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत. मग दहा दिवस मासेमारी, आणि त्यातही रात्री दारे उघडून मासा वरच्या गावांकडे सोडायचा. अकराव्या दिवशी मासा येत असला तरी बांध आपल्याच हातांनी मोडायचा. नदी पूर्ण अडवायची ताकद हातात असलेल्या माणसांनी स्वतःला घातलेली ही मर्यादा आहे. पहिला सॅमन आला की आधी त्याचा विधी, मग इतरांना हात लावायचा, ही रीत त्या किनाऱ्यावर बऱ्याच जमातींमध्ये होती आणि आहे.

आपल्याकडे अशी मर्यादा म्हणून श्रावणाचे नाव घेतले जाते. माशांचा विणीचा काळ म्हणून पूर्वजांनी श्रावणात मासे वर्ज्य केले, असे दरवर्षी कुणीतरी सांगतेच. ओढ्यातल्या लहान माशाला हे लागू पडत नाही. पहिली चढण ज्येष्ठात, फार तर आषाढाच्या सुरुवातीला होते. श्रावण लागेपर्यंत त्यांची अंडी फुटून पिल्ले खाचरांत फिरत असतात. महसीरसारख्या मोठ्या माशाला मात्र ते थोडेफार लागू पडते, तो जुलै-ऑगस्टमध्ये वितो. आणि महसीरसाठी आपल्याकडे कॅलेंडरपेक्षा चांगली सोय आहे. घाटमाथ्याच्या धारेपलीकडे, महाड तालुक्यात, काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी गळ टाकलेला नाही, आणि काठाशी उभे राहून कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे महसीर वर येतात. महिन्याची नव्हे, जागेची मर्यादा. माशाला तीच जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडचे इथपर्यंतचे मासे फार तर काही किलोमीटर चढतात. सॅमनशी खरी बरोबरी करणारा मासा दख्खनमध्ये वेगळाच आहे: अहीर, म्हणजे ईल. त्याचा प्रवास सॅमनच्या बरोबर उलटा. तो जन्मतो हिंदी महासागरात, खोल पाण्यात, आणि वाढायला नदीत येतो. नदीच्या मुखाशी पोचतो तेव्हा तो पाचेक सेंटिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असतो. तिथून वर चढत जातो, नदीत वर्षानुवर्षे राहतो, आणि शेवटी एकदाच अंडी घालायला समुद्राकडे परत निघतो. मोठ्या मादीत अंडी दहा लाखांहून अधिक.

सायक्सने दख्खनमधल्या अशा ईलचे वर्णन १८३९ मध्ये केले आणि त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या नद्यांत ईल यायचा तर बंगालच्या उपसागरातूनच. पाच सेंटिमीटरच्या जिवाने बाराशे किलोमीटर म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दोन कोटी चाळीस लाख पट. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने आपल्या उंचीच्या तितक्याच पट चालायचे म्हटले तर चाळीस हजार किलोमीटर होतात, पृथ्वीची एक पूर्ण प्रदक्षिणा. वाटेत तो वाढत जातो हे खरे, पण निघताना त्याचे माप एवढेच असते. आणि वाट सगळी चढाची, प्रवाह सगळा विरुद्ध.

सायक्सच्या काळी ती वाट मोकळी होती. मुखाजवळ विजयवाड्याचा बंधारा झाला १८५५ मध्ये. आज त्या जागी १९५७ चा प्रकाशम बंधारा आहे. त्याच्या वर पुलिचिंतला. मग नागार्जुनसागर, १२४ मीटर उंच. मग श्रीशैलम, १४५ मीटर. मग जुराला. मग भीमेवरचे बंधारे, नीरेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, आणि वीर धरण. ओल्या खडकावर चढणारा ईलही १४५ मीटरच्या काँक्रीटपुढे हरतो.

नीरा खोऱ्यातली चार धरणे घ्या. भाटघर २३.५० टीएमसी, नीरा देवघर ११.७३, वीर ९.४१ आणि वेल्ह्याजवळ कानंदीवरचे गुंजवणी ३.६९. एकूण ४८.३३ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, तेव्हा ही चार धरणे भरली की पाणी होते सुमारे १ लाख ३७ हजार कोटी लिटर. देशातल्या १४० कोटी माणसांना वाटले तर माणशी जवळजवळ हजार लिटर. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांना या पाण्याची किती गरज आहे हे पुरंदर-बारामतीच्या माणसाला सांगावे लागत नाही, आणि ती धरणे नकोत असे मी म्हणत नाही. मला खटकते ते दुसरेच. हे पाणी आपण दोन दशांश स्थळांपर्यंत मोजतो. पावसाळ्यात रोज सकाळी आकडा येतो, टक्क्यांसह. याच पाण्यातून वर निघालेल्या माशाची मोजणी नाही, आणि चारही भिंतींत त्याच्यासाठी शिडी नाही.

अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे पाणी आहे, आणि बाजूच्या काचेच्या खिडकीतून वर जाणारे मासे १९३८ पासून मोजले जातात. त्या नदीवरच्या धरणांनी सॅमनची दैना केलीच. पण मोजणी होती म्हणून ती किती केली ते कळले. समुद्रापासून साडेचौदाशे किलोमीटरवर आणि दोन हजार मीटर उंचीवर आयडाहोमध्ये रेडफिश नावाचे सरोवर आहे, वाटेत आठ धरणे. १९९२ साली तिथे परतलेल्या सॉकायचा आकडा होता १. एक नर. त्या एका आकड्याने देश हादरला, पैसा उभा राहिला, पिल्ले वाढवून सोडण्याच्या कामाला वेग आला. आपल्या खोऱ्यातून अहीर हद्दपार झाला तर तो कोणत्या वर्षी झाला हे सांगणारी नोंद कुठल्याही वहीत सापडणार नाही.

युरोकांच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चिनूक सॅमन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून ओरेगनमध्ये पोचला, १९१२ नंतर पहिल्यांदा. ११२ वर्षे ज्या पाण्यात एकही सॅमन गेला नव्हता तिथे तो काही आठवड्यांत गेला.

गुंजवणीच्या ओढ्यांवर पाडण्याजोगे १२४ मीटरचे काही नाही. तिथे मासा अडतो तो रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळ्यांशी. नळीचे तोंड ओढ्याच्या तळापासून हातभर वर राहिले, तर पाणी त्यातून सुटून अधांतरी पडते, आणि मळ्याला चिकटायला खडकच मिळत नाही. खाली दगड रचून, त्यावर मुरूम-सिमेंट टाकून तिरपा उतार केला की तो चढतो. अशी एक मोरी निवडून मिरगापासून तीन आठवडे रोज रात्री तासभर कुणी बत्ती आणि वही घेऊन बसले, तर एकवीस तास होतात. किती मळ्ये चढले, किती मुऱ्या, किती परत पडले, पाणी किती होते. हे काम गुंजवण्याच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना येते. मासा ओळखायला तर त्यांना शिकवावेही लागणार नाही.